बंद इंजिनाच्या शोधात मोलगीपर्यंत

नंदुरबारला बहिःस्थ परीक्षक म्हणून जायचं पत्र आलं, तेव्हा आमच्या सांगलीच्या तंत्रनिकेतनात सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी सीमेवर निघालेय. ऑफिसातल्या कुलकर्ण्यांनी तर विचारलं, "मॅडम, तिकडे पाणी उकळून प्याल ना?" मी म्हटलं, "कुलकर्णी, महाराष्ट्रातच आहे हो ते." तरी त्यांनी नकाशा काढला, बोट वर वर नेत गुजरातला टेकवलं आणि "बघा बुवा" म्हणून मिटवून ठेवला.

मी डिझेल इंजिनची कार्यशाळा शिकवते. सत्तावीस वर्षं झाली. माझ्या हाताला ग्रीसचा वास कायमचा आहे, आणि स्वभावालाही थोडा आहे असं घरचे म्हणतात. आता ज्या सरकारी तंत्र महाविद्यालयात मला परीक्षा घ्यायची होती, त्याचं एक केंद्र नंदुरबारला, एक शहाद्याला आणि एक वर सातपुड्यात, मोलगीच्या पुढे. परीक्षा तिन्हीकडे एकच: परीक्षार्थीसमोर बंद पडलेलं इंजिन ठेवायचं, त्यानं तीन तासांत दोष शोधायचा आणि दुरुस्त करायचा. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी मला चार दिवस पोटभर जेवू घातलंय.

नंदुरबार

गाडीतून उतरले आणि पहिलाच श्वास घेतला, तो ठसक्यानं परत आला. आमच्या सांगलीला हळदीचा वास असतो, गुण्यागोविंदानं नाकात येऊन बसतो. इथे मिरची. गावाबाहेर मैदानंच्या मैदानं लाल पसरलेली. हंगाम संपत आला होता, तरी वाऱ्याच्या खिशात अजून पुष्कळ शिल्लक होती.

मला न्यायला कॉलेजची जीप आणि रफीकभाई आले होते. साठीचे, पांढरी दाढी, डोळ्यांत मिस्कीलपणा. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून नंदुरबारात. आजोबा टांगा हाकायचे, वडील ट्रक, हे जीप. मी खोकतेय बघून आपल्या अहिराणीत म्हणाले, "मॅडम, आठे बठा पहिले. घाई कसाले करी ऱ्हायनात? दोन दिन खोकला, मंग सवय व्हई जाई."

"मी सांगलीची आहे, रफीकभाई. तिखटाचं मला काही सांगू नका."

दुपारी त्यांनी एका खानावळीत शेवभाजी खायला घातली. तिसऱ्या घासाला मला उचकी लागली, चौथ्याला डोळ्यांतून पाणी.  रफीकभाईंनी पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला आणि शांतपणे दुसरी भाकरी मागवली. त्यानंतर चार दिवसांत मी सांगलीचं नाव काढलं नाही.

कार्यशाळेचे प्रमुख भामरे सर अत्यंत टापटिपीचे. शर्टाला इस्त्री, मिशीला इस्त्री, आणि मधोमध उभं केलेलं परीक्षेचं इंजिन तर असं हिरवंगार रंगवलेलं, की त्याच्यापुढे नारळ फोडावा. पहिला परीक्षार्थी आला. नमस्कार केला, पाना उचलला, इकडे बघितलं नाही की तिकडे बघितलं नाही, थेट डिझेल फवारणारा नोझल काढून माझ्या हातात ठेवला. "नोझल चोक आहे, मॅडम." चार मिनिटं. मी म्हटलं, वा! दुसरा आला. नमस्कार, पाना, नोझल. तिसऱ्यानं नमस्काराआधीच नोझलकडे हात नेला.

"भामरे सर," मी म्हटलं, "हे इंजिन कधीपासून असं आहे?"

"मी आलो तेव्हापासून, मॅडम. अकरा वर्षं."

"आणि दोष?"

"तोच."

"अहो, मग एकदा दुरुस्त करून चालू का नाही करत?"

भामरे सरांनी माझ्याकडे खरोखर काळजीनं बघितलं. "चालू केलं तर पुढच्या परीक्षेला काय ठेवायचं?"

मी कपाळावर हात मारला नाही, कारण हाताला ग्रीस होतं. मधल्या सुट्टीत गुपचूप टॅपेटची, म्हणजे झडपेच्या दट्ट्याची, फट बिघडवून ठेवली. नंतरच्या मुलानं नोझल काढला, पुसला, परत बसवला, इंजिन सुरू होईना म्हणून परत काढला आणि शेवटी इतक्या केविलवाण्या तोंडानं माझ्याकडे बघितलं की मलाच अपराध्यासारखं झालं. पण सांगते, त्याच्या मागून आलेल्यांतल्या तिघांनी खरोखर डोकं चालवलं आणि दोष शोधला. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून भामरे सरही हळूच म्हणाले, "हे बरं झालं हो."

शहादा

शहाद्याला जाताना दोन्ही बाजूंना केळी, ऊस, पपई. आमच्या कृष्णाकाठच्या माणसाला उसाचं कौतुक नसतं. पण इतक्या केळी एका जागी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. रफीकभाई दर दोन मैलांवर कुणाला तरी हात करायचे, आणि तो माणूस जीप थांबवून घड नाहीतर पपई आत टाकायचा. स्टँडपाशी पोचेपर्यंत मी फळांच्या मागे दिसेनाशी झाले होते.

शहाद्याच्या पाटील सरांनी परीक्षा चोख घेतली. तक्रारीला जागाच नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही. लिहायचं आहे ते जेवणाबद्दल. त्यांचं घर कळसाडीला. तिथे त्यांच्या आईनं पालथ्या खापरावर मांडे केले. पुरण भरलेली ती पोळी त्या माउलीनं हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवली आणि खापरावर टाकली. माझी पुरणपोळी आमच्या गल्लीत नावाजलेली आहे, पण ते बघून मी तोंड उघडलं ते फक्त खायला. "अजून एक ल्या ना बहीन," असं त्या म्हणत राहिल्या आणि मी घेत राहिले. रात्रीत माझ्या पोटानं दोन वेळा आक्षेप नोंदवला.

तिथेच पाटील सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, उद्या वर एकच परीक्षार्थी आहे. जमना वसावे. तिची परीक्षा तेवढी घ्या हो. परत नका जाऊ."

"परीक्षा न घेता मी कशाला परत जाईन?"

"मागच्या साली आलेले साहेब गेले ना."

हकिगत अशी की मागच्या वर्षी वरच्या केंद्रावर परीक्षक गेले, आणि तिथे एकही बंद इंजिन सापडेना. 'सदोष इंजिन उपलब्ध नसल्याने परीक्षा घेता आली नाही' असा शेरा लिहून साहेब डोंगर उतरले. बाकीच्या मुलांना यंदा शहाद्याला बसवलं. मागच्या वर्षी अर्ज भरून हजर होती ती एकटी जमना, म्हणून कागदोपत्री ती 'पुनर्परीक्षार्थी' झाली. आणि अशा परीक्षार्थीनं आपल्याच केंद्रावर परीक्षा द्यायची, आणि तीही दुसऱ्या खेपेला शेवटची, असा नियम. यंदा हुकली तर दोन वर्षांचं शिक्षण पाण्यात. शिवाय नर्मदेवर जो बोटीतला दवाखाना फिरतो, त्यावर तिला इंजिन-मेकॅनिकची जागा मिळाली होती. सोमवारपर्यंत प्रमाणपत्र दाखवलं तर. आज बुधवार होता.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "बंद इंजिन ही काय सरकारी कॉलेजात दुर्मीळ वस्तू आहे?"

मोलगीच्या पुढे

घाट चढताना रफीकभाई गप्प झाले, आणि ते गप्प झाले की रस्ता अवघड आहे असं समजायचं. वर गेल्यावर मात्र हवा हलकी. खडकांवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या, सगळा डोंगर आमचुराच्या वासानं आंबट. लाळ सुटून मी दोनदा जीप थांबवायला लावली.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि दोन खोल्या. आतून धडधड येत होती. दारात केंद्राचे प्रभारी पाडवी सर उभे. सडपातळ, नम्र, आणि त्या क्षणी फार खजील.

"मॅडम, एक अडचण झाली."

आत गेले. परीक्षेसाठी भामरे सरांनी पंधरा दिवसांपूर्वी टेम्पोनं एक बंद इंजिन वर पाठवलं होतं. नंदुरबारच्या इंजिनाचं जुळं भावंड, तसंच हिरवंगार! ते पट्ट्यानं चक्कीला जोडलेलं होतं आणि झकास चालत होतं. बायका रांगेत दळण घेऊन बसल्या होत्या.

"हे कुणी चालू केलं?"

"कुणी म्हणून सांगू? टेम्पोतून उतरवलं तेव्हाच दोघांनी उघडलं. नोझल चोक होता."

"ते ठाऊक आहे मला!"

मग हळूहळू उलगडा झाला. इथे दुकान नाही, मिस्त्री नाही, सुटा भाग आणायचा तर दिवस जातो. बोट बंद पडली तर माणूस अर्ध्या पाण्यात अडकतो. त्यामुळे बंद इंजिन दिसलं की ते चालू करूनच पुढे जायचं, ही इथली रीत. कुणाचं का असेना, विचारायचं नाही. नंदुरबारच्या कॉलेजात अकरा वर्षं जे झालं नाही, ते इथे टेम्पोच्या फळीवर झालं होतं.

शेडच्या कोपऱ्यात एक मुलगी उभी होती. बाविशीची, वेणी घट्ट, निळ्या ड्रेसवर कॉलेजचा खाकी अंगरखा, आणि दोन्ही हातांत प्रवेशपत्र असं धरलेलं की घडीला घाम लागला होता. हीच जमना. घरी भिली बोलणारी ही मंडळी मराठी शाळेत शिकतात, त्यामुळे तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध निघालं. "नमस्कार, मॅडम. माझी परीक्षा होईल का?" एवढंच विचारलं तिनं.

"होणार म्हणजे होणार," मी म्हटलं. चक्की थांबवली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि पाडवी सरांना साक्षीला ठेवून इंजिनात दोन दोष घातले. असे छान घातले की माझं मलाच कौतुक वाटलं. मग जेवायला बसलो. मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी ठेच्याला हात न लावता दुसरी भाकरी घेत होते, तेवढ्यात शेडमधून आवाज आला.

धड, धड, धडधडधड.

एक म्हातारबाबा दळण घ्यायला उशिरा आले होते. इंजिन बंद बघितलं, आत गेले, दोन्ही दोष काढले आणि पट्टा चढवला. पंचविसेक मिनिटांत! मी तोंडात बोट घालून उभी. पाडवी सर त्यांना भिलीत काहीतरी रागानं बोलले. बाबांनी शांतपणे उत्तर दिलं. "काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतात, एवढ्या शिकलेल्या बाईनं इंजिन कसं ठेवलंय बघ."

रफीकभाई भिंतीकडे तोंड करून हसत होते. त्यांचे खांदे दिसत होते मला. मीही हसले असते, पण जमना हसत नव्हती. पुन्हा दोष घातले, तर ते तिनं बाहेरून पाहिले असा कुणी आक्षेप घेतला असता. आणि हे इंजिन बंद दिसलं की कुणीतरी ते चालू करणारच, हे आता मलाही कळलं होतं. बंद इंजिन हवं होतं, खरंखुरं, कुणी न उघडलेलं. ते या डोंगरात कुठून आणायचं?

 मग जमना म्हणाली, "एक बंद इंजिन आहे, मॅडम. आमच्या पाड्यावर. पण त्याला हात लावता येत नाही."

"का?"

"त्याच्यावर कागद आहे."

नर्मदाकाठ

परीक्षा केंद्राच्या 'कार्यक्षेत्रात' घ्यावी असं नियमात आहे आणि कार्यक्षेत्र म्हणजे चार भिंती असं कुठेही म्हटलेलं नाही, हे पाडवी सरांनी रात्री पुस्तक काढून मला दाखवलं. नम्र माणसं अशा वेळी फार उपयोगी पडतात.

शुक्रवारी सकाळी जीपनं पाण्यापर्यंत गेलो आणि तिथून बोटीनं मणिबेलीच्या बाजूला. मला पोहता येत नाही. कृष्णेकाठी जन्मून पोहता येत नाही हे सांगायची लाज वाटते, म्हणून मी बोटीच्या मधोमध फळी धरून बसले आणि देखावा बघत असल्याचं सोंग केलं. धरणाचं पाणी इतकं स्थिर की डोंगर त्यात उलटे उभे. एका ठिकाणी जमनानं पाण्याकडे बोट दाखवलं आणि "इथे आमचं घर होतं, मॅडम" असं, आमच्याकडे कुणी गल्लीतलं वळण दाखवावं, तसं सांगितलं. ते घर तिनं स्वतः कधी बघितलंच नव्हतं. आजीनं दाखवलेली जागा होती.  मी नुसती मान हलवली.

पाडा आता वर उतारावर. खाली अथांग पाणी, आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन तो उभा चढ चढत होत्या. काठावर एका पत्र्याखाली पंपाचं इंजिन, वर पाड्यापर्यंत पाइप. सगळं जागच्या जागी. इंजिनाच्या अंगावर चिकटवलेला कागद: 'सीलबंद. पंचनामा बाकी. अधिकृत व्यक्तीखेरीज कोणीही हात लावू नये. उल्लंघन केल्यास कारवाई.' तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून पंप आला, बसवणाऱ्यानं हँडल मारलं, सुरू झाला नाही, साहेबांनी कागद लावला आणि गेले ते गेले. जे लोक टेम्पोतलं इंजिन टेम्पोतच उघडतात, त्यांनी तीन वर्षं याला बोट लावलं नव्हतं.

कालचे म्हातारबाबा इथलेच निघाले. त्यांनी काहीतरी विचारलं. जमनानं सांगितलं, "ते विचारत आहेत, कागद कोण काढणार?"

पाडा गोळा झाला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. राग आला हो मला, खरंच राग आला. कुणावर ते नेमकं सांगता येईना. पदर खोचला आणि कागद ओढला. निघेना! तीन वर्षं ऊन, वारा, पाऊस खाऊन तो डिंक जसाच्या तसा. शेवटी रफीकभाईंच्या चाकूनं खरवडला, तर अर्धा माझ्या साडीला चिकटला.

"आता बघ," मी जमनाला म्हटलं. "तीन तास. सुरू कर."

आणि लगेच माझ्या लक्षात आलं की खरी पंचाईत पुढेच आहे. इथे कॉपी पुरवायला अख्खा गाव हजर, आणि प्रत्येकाला इंजिन कळतं. म्हातारबाबांचे हात तर नुसते शिवशिवत होते. मी हुकूम सोडला, "सगळ्यांनी पाठ फिरवून बसा. तोंडातून चकार शब्द नको." आणि काय सांगू, बसले! बाया, बाप्ये, लेकुरवाळ्या, सगळा पाडा इंजिनाकडे पाठ करून नदीकडे बघत बसला. पाडवी सरांनी बाबांचा हात धरून ठेवला.

जमनानं घाई केली नाही. जुनं डिझेल काढून टाकलं, नवं भरलं, नळीतली हवा काढली. सांध्यासांध्यात तेल सोडून चाक हातानं हळूहळू फिरवलं. मग हँडल मारलं. काही नाही. नोझल तपासला. स्वच्छ. पुन्हा हँडल. काही नाही. पाऊण तास झाला.  माझ्या तोंडाशी आलं होतं, 'अगं, हवा बघ, हवा!' मीही मग पाठ फिरवली, नाहीतर बोलून बसले असते.

मागून पाना दोनदा वाजला. मग ती म्हणाली, "मॅडम, हे श्वास घेत नाही."

वळून बघितलं तर तिनं धुराड्याच्या तोंडावर तळहात ठेवला होता. फुंकर लागत नव्हती. तिनं हवेची गाळणी उतरवली. तिच्याखाली, इंजिनाच्या तोंडात, गच्च बसवलेलं लाल प्लॅस्टिकचं झाकण. वाटेत धूळ जाऊ नये म्हणून कारखान्यात लावतात ते. बसवताना काढायचं असतं. बसवणारा विसरला होता. तेवढंच! त्या झाकणापायी तीन वर्षं बाया हंडे वाहत होत्या.

जमनानं ते झाकण खिशात घातलं, गाळणी लावली आणि हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं, एक काळा ढग सोडला आणि लागलं की बोलायला. पाठमोरा पाडा एका दमात वळला. थोड्या वेळानं वरून, पाइपाच्या टोकापासून, बायकांची ओरड ऐकू आली. म्हातारबाबांनी पाडवी सरांचा हात झिडकारला आणि येऊन इंजिनावर कान टेकवला. जमना मात्र माझ्याकडेच बघत होती, अजून भीत भीत. "हा दोष धरतात का, मॅडम?" तिनं विचारलं.

"हवेचा मार्ग अवरुद्ध. अभ्यासक्रमात आहे." मी पेन काढलं. "शंभरपैकी किती देऊ ते विचार फक्त."

एका दगडावर बसून मी प्रपत्र भरलं. जागा, वेळ, दोषाचं वर्णन, गुण. शेवटच्या रकान्याशी पेन अडलं. 'दोष ठेवणाऱ्याचे नाव व हुद्दा.' हा रकाना कोरा राहिला तर निकाल राखून ठेवतात, आणि सोमवार तोंडावर आलेला.

पाडवी सर वाकून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाले, "माझं नाव टाका, मॅडम."

"तुम्ही ठेवला होता का दोष?"

"नाही."

"मग गप्प बसा."

मी त्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'शासन.' त्याखाली 'करिता' लिहिलं, माझं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि सही ठोकली. जमनानं ते माझ्या खांद्यावरून वाचलं. "असं लिहिलेलं चालतं का, मॅडम?"

"खरं आहे ना? मग चालतं."

त्याच कागदावर तिला तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं. सोमवारी ती दवाखान्याच्या बोटीवर रुजू झाली. पाडवी सरांनी फोटो पाठवलाय, त्यात ती इंजिनापाशी उभी आहे आणि अजूनही गंभीर आहे. त्या रकान्याबद्दल वरून माझा खुलासा मागवतील असं कुलकर्ण्यांचं ठाम मत आहे. अजून पत्र आलेलं नाही. मी रोज टपाल बघते. माझा खुलासा लिहून तयार आहे.